मधूकाकांचं एका बटणाचं विमान

विमान हवेत असायचं जेमतेम पाच मिनिटं. त्यावर बोलणं मात्र चालायचं पुढच्या रविवारपर्यंत! मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

आमची रविवारची मंडळी म्हणजे डोंबिवलीत रेडिओ दुरुस्त करणारे मधूकाका, त्यांचे मित्र असलेले माझे वडील, म्हणजे दादा, आणि त्यांच्यामागे शेपटासारखी मी. वय नऊ. महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झालेली, तरी कल्याणच्या छावणीतलं लष्करी भंगार अजून विकायला यायचं. त्यातले रेडिओचे व्हॉल्व्ह वापरून काकांनी रेडिओने वळणारं छोटं विमान बनवलं. हे मोडलं तर दुसरं करायला पुन्हा एक वर्ष जाणार होतं. आणि मला ते उडवायचं होतं!

* * *

विमानाच्या पंखांना कागद चिकटवून त्यावर डोप नावाचं वासाचं रोगण फासायचं, म्हणजे कागद ताठ बसतो. हे काम आमच्या बाहेरच्या खोलीत चालायचं. एकदा आई लाटणं घेऊनच बाहेर आली.

"भावजी, घरभर पिकल्या केळ्यांचा वास, आणि घरात केळं एक नाही! आल्या-गेल्याला मी काय सांगू?"

"वहिनी, सांगा की आत्ताच संपली!"

आई हसली आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसली. तिने एकदाही आम्हाला घराबाहेर काढलं नाही, हे तिचे उपकारच.

* * *

बटण एकच. दाबलं की विमान डावीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की उजवीकडे. आता पाळी कुठली हे विसरलात की संपलं! म्हणून दादा काकांच्या शेजारी उभे राहून पुढच्या वळणाच्या बाजूचा हात वर धरायचे.

एकदा शेताच्या बांधावरून दादांच्या कचेरीतले साहेब चालले होते. दादांचा डावा हात वर होता. साहेब दिसताच त्यांनी तो खाली घेतला आणि अदबीने उजवा उचलून सलाम ठोकला.

काकांनी उजवं समजून बटण दाबलं, आणि विमान थेट डावीकडच्या बाभळीत!

काकांनी बटणाची पेटी खाली ठेवली. मग म्हणाले, "अरे, साहेब सोमवारी भेटलेच असते की!"

* * *

मैदान म्हणजे पाटीलबाबांची शेतं. एकदा विमान त्यांच्या उभ्या भातात पडलं. आम्ही तिघं आत शिरणार, तोच पाटीलबाबा विळा घेऊन बांधावर हजर.

"मोठ्या बाप्यांनी माजे भातान पाय ठेवायचा नाय! पोरीला धाडा, ती हलकी हाय!"

तेव्हापासून पडलेलं विमान उचलून आणायचं काम माझं. कुठली काडी मोडली, कुठला कागद फाटला, ते सगळ्यांच्या आधी मला कळायचं. पाटीलबाबांनी मला केवढं दिलं, ते त्यांना कधी कळलं नसेल.

* * *

"काका, मला बटण कधी देणार?"

"डावं-उजवं अंगात मुरलं की."

मी मनावर घेतलं. शाळेत जाताना अंगठा हवेत दाबायचा आणि पाळीप्रमाणेच वळायचं. पण वाटेत दोन उजवी वळणं लागोपाठ होती! मग मध्ये अंगठा दाबून एक पाऊल डावीकडे टाकायचं, आणि मगच उजवीकडे.

आठवड्याभरात शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीला चक्कर येते का हो? वैद्यांना दाखवा एकदा!"

* * *

भातं कापून झाली आणि एका रविवारी, विमान चांगलं उंच गेल्यावर, काकांनी बटणाची पेटी माझ्या हातात दिली.

दादा ओरडले, "अरे मध्या, वर्षाची मेहनत आहे!" आणि त्यांनी सवयीने हात वर केला.

"हात खाली! तिला पाठ आहे."

एवढं बोलून काका विमानाकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले.

मी अंगठा बटणावर ठेवला. "काका, वळवू का?"

"मला काय विचारतेस? मला दिसतंय कुठे!"

मी वळवलं. डावं, मग उजवं. दादा नखं खात होते. तेल संपून इंजिन बंद पडलं, विमान तरंगत खाली आलं, ढेकळांवर आपटत घसरलं आणि थांबलं.

काका अजून विमानाकडे पाठ करूनच. "उतरलं?"

"उतरलं, काका."

"मोडलं?"

"एक चाक गेलं."

"बरं. मग एवढ्यात कशाला वळू? चाक शोधून आण, आणि पुन्हा उडव!"