मढं दिसल्याबिगर

मालिकेत पुढं काय होणार, हे सारजाबाईला ती लिहिणाऱ्याच्या आधी कळायचं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बाया दूध सोसायटीच्या टीव्हीपुढं टेकल्या, की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "आता ही सून इहिरीवर घसरनार. पाटील पुरात वाहून गेला, पर मेला न्हाई. मढं दावलंय का? मग दाढी वाढवून येनारच बगा."

"आधीच कशाला सांगतीस गं?" बाया चिडायच्या. पण पाटील यायचाच. एकाच मालिकेत तो दोनदा बुडून दोनदा आला होता.

दुष्काळात सारजाचा नवरा म्हाळू मेंढरांना पाणी पाजायला माजलगावच्या धरणावर गेला. मेंढरं माघारी आली, म्हाळू आला नाही. गाळात रुतून बुडाला असेल, बांगड्या उतरव, असं भावकी म्हणाली. सारजा खवळली. "मढं दावा आदी! मढं दिसल्याबिगर मानूस मरत न्हाई." आणि कुंकू आणखी ठसठशीत लावून ती रोज टीव्हीपुढं बसू लागली. बायांनी चिडणं सोडलं.

पाऊस पडेना, धरण आटत गेलं.

एका संध्याकाळी पाटील तिसऱ्यांदा दारात उभा राहिला, दाढीसकट. बायांनी हळूच सारजाकडं पाहिलं. तेवढ्यात सोसायटीच्या दारात तिचा दीर आप्पाराव आला. हातात गाळानं कडक झालेली म्हाळूची घोंगडी होती.

"वैनी, दादा घावला..."

"फुडचं सांगू नगंस," सारजा म्हणाली, आणि दुधाच्या किटलीच्या काठावर तिनं दोन्ही हात बांगड्यांसकट आपटले.