नाव विचारणाऱ्या शमीम आपा

श्रीमती शमीम मुकादम यांना मी पहिल्यांदा भेटलो ते अबुधाबीतल्या आमच्या रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये. रुग्णांना वॉर्डातून तपासणीला किंवा ऑपरेशनला नेणाऱ्या विभागात मी नुकताच लागलो होतो. मी ढकलत असलेल्या चाकाच्या खुर्चीवर एक वृद्ध रुग्ण बाई बसल्या होत्या. लिफ्टमधल्या मॅडमनी हिंदीत विचारले, "किसको ले जा रहे हो?"

"बेड नंबर बारा, मॅडम."

त्यांनी माझ्या बिल्ल्यावरचे आडनाव वाचले आणि एकदम मराठीत म्हणाल्या, "बारा नंबर? आईबापांनी हेच नाव ठेवलं का यांचं? मुरुडकर ना तू? मी दाभोळची. ऐक, नाव त्यांनाच विचारायचं. तू सांगितलंस तर भिडेखातर हो म्हणतील. आपली माणसं डॉक्टरांच्या दारात कशालाही हो म्हणतात. चल, यल्ला, लिफ्ट अडवू नकोस."

आमच्या रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागाच्या त्या प्रमुख आहेत. मल्याळी नर्सेसपासून सुरक्षारक्षकांपर्यंत सगळे त्यांना आपा म्हणतात. अमेरिकेतली एक संस्था दर काही वर्षांनी आमची तपासणी करून मान्यता देते. इथल्या सरकारचे आरोग्य खाते असताना अमेरिकेचे नियम कशाला, असे मी एकदा विचारले. आपांनी चहा पिता पिता समजावले. तिकडे सरकारी विम्याचे पैसे हवे असतील तर रुग्णालयाला सरकारच्या अटी पाळल्याचे दाखवावे लागते, आणि ते दाखवण्याचा एक मार्ग म्हणजे अशा संस्थेची मान्यता. तिथला कायदा इथे चालत नाही, पण तिथे तयार झालेली तपासणीची रीत जगभर गेली. "ही कलमं कुणी हौसेनं लिहिलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणाचा तरी चांगला पाय कापला गेला, तेव्हा एक ओळ वाढली."

आपांचा धाक मोठा आहे, पण मायाही तेवढीच आहे. मुसफ्फातल्या खोलीवर मी तापाने पडलो होतो, तेव्हा त्यांचे चिरंजीव खलिफा सिटीहून पेज आणि सुकटाची चटणी घेऊन आले. सोबतची नात डबा हातात देत म्हणाली, "अंकल, दादी सेज फिनिश इट ऑल." मी सगळे संपवले. दुसऱ्या दिवशी आपांनी डब्याची चौकशी केलीच.

आता मुख्य प्रसंग सांगतो. गेल्या तपासणीच्या थोडे आधी माझा सहकारी रफिक एका मजुराला ऑपरेशन थिएटरकडे घेऊन आला. मी तिथेच दुसऱ्या रुग्णासाठी उभा होतो. नियमाप्रमाणे दोन खुणा जुळाव्या लागतात. रफिकने वॉर्डात नाव विचारले होते: मोहम्मद अस्लम. जन्मतारीखही विचारली होती: एक जानेवारी. सालासकट दोन्ही कागदाशी जुळले. दारावरच्या नर्सने पुन्हा विचारले, पुन्हा जुळले. तेवढ्यात फेरीवर असलेल्या आपा थांबल्या आणि त्या माणसाला सहज म्हणाल्या, "चाचा, दर्द किधर है?"

चाचांनी गुडघा दाखवला. कागदावर हर्नियाचे ऑपरेशन होते.

हर्नियाचे मोहम्मद अस्लम वॉर्डात चाचांच्या शेजारच्या खोलीत होते. नाव तेच, साल तेच, तारीखही तीच. रफिकने विचारले, "आपा, मेरी नौकरी?"

"तू दोन्ही गोष्टी विचारल्यास ना? मग चूक तुझी नाही. नियम कमी पडला." त्याच दिवशी त्यांनी फाईल नंबरही मोठ्याने वाचून जुळवायची रीत घातली.

व्यवस्थापनातले साहेब मात्र म्हणाले, "कुछ हुआ नहीं ना? खलास. इन्स्पेक्शन में यह बात नहीं आनी चाहिए." आपांची साठी जवळ आली होती. साठीनंतर त्यांचा करार वाढवायचा की नाही, हे याच साहेबांच्या हातात होते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि आपांनाही.

तपासणीला आलेल्या अमेरिकन बाई थिएटरच्या दाराशी पोचल्या, तेव्हा आपांनी सगळा प्रकार स्वतःहून सांगितला. साहेब छताकडे पाहत राहिले. बाईंना नीट समजेना. एकाच नावाची दोन माणसे असतील, पण दोघे एकाच दिवशी कसे जन्मले? आपा आमच्याकडे वळल्या. "रफिक, जन्मतारीख?"

"एक जानेवारी, आपा."

सुरक्षारक्षक न विचारताच म्हणाला, "मेरा भी."

"मुरुडकर?"

"एक जून," मी म्हणालो.

"खरी तारीख माहीत नसली की आमच्याकडे शाळेचे मास्तर एक जून धरतात," आपांनी इंग्रजीत समजावले. "इतरांकडे पासपोर्टवाला जानेवारी धरतो. माझीही एक जूनच आहे. आई म्हणायची, तू शिमग्याच्या आसपासची." अमेरिकन बाई हसल्या नाहीत. "देन युवर सेकंड चेक इज नो चेक," एवढेच म्हणून त्या लिहीत राहिल्या.

मान्यता मिळाली, पण नवी रीत सर्व विभागांत रुजल्याचे ठराविक मुदतीत दाखवावे, या अटीवर. रफिक आजही कामावर आहे. साहेब आपांशी दोन आठवडे बोलले नाहीत. लपवले असते तर बिनअटीची मान्यता मिळाली असती, असे काही जण अजून म्हणतात. मला ते ऐकवत नाही. चाचा आता आपल्या पायांनी चालत फेरतपासणीला येतात.

हे लिहितानाही माझे मन स्वस्थ नाही. आपांच्या कराराचा निर्णय अजून झालेला नाही. मी रोज विचारतो, "आपा, काही कळलं?" आणि त्या रोज म्हणतात, "इन्शाल्ला. तुझा पेशंट कुठाय?" अट पूर्ण करायची मुदत जवळ येत आहे, आणि ती रीत वॉर्डावॉर्डांत शिकवणाऱ्या आपा तेव्हा इथे असतील की नाही, हे आम्हाला माहीत नाही.

आपांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाची एक प्रत मी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे, याच पानावर खूण घालून. त्यांना मराठी येत नाही, म्हणून हा लेख समोर उभा राहून हिंदीत वाचून दाखवीन. आपा इथे राहोत की दाभोळला जावोत, त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, आवाजातला धाक तसाच राहो. पण खरे सांगायचे तर त्यांनी इथे राहावे, हीच माझी प्रार्थना आहे.