राखणीच्या पट्ट्यातले मुळे

परदेशातून आलेल्या पाहुणीला त्या दुपारी माझ्या घरी जे मुळे वाढले, ते राखणीच्या पट्ट्यातले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. शेजारच्या गावातून विकत आणले, असं तिला सांगितलं होतं.

मुळे म्हणजे मुंबईकरांच्या तिसऱ्या. आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, खाडीकाठी. सुकती लागली, पाणी ओसरलं, की बायका गुडघाभर चिखलात उतरतात आणि हाताने चाचपून मुळे काढतात. मी इथल्या शाळेत मास्तर. इंग्रजी लिहितो म्हणून गावचे कागद माझ्याकडे. खाडीतले मुळे कमी होत चालले, तेव्हा मदतीसाठी एका परदेशी संस्थेला करायचा अर्जही मीच लिहायला घेतला. लोक स्वतः ठरवतील त्याच कामाला ही संस्था पैसे देते, असं ऐकलं होतं. माझा विश्वास बसला नव्हता. मी आपला सिमेंटचा धक्का आणि त्यावर संस्थेच्या नावाचा फलक, असा बेत लिहून ठेवला.

बायकांनी बैठकीत तो शांतपणे ऐकला. मग एक काकी म्हणाल्या, "गुरुजी, धक्क्यावर मुळे येतंत काय?"

सगळ्या हसल्या. खाडीचा एक पट्टा दोन वर्षं बंद ठेवायचा, काठाला कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावायची आणि पाळीपाळीने राखण करायची, असं त्यांनी ठरवलं. संस्थेने तेच मान्य केलं, एक शब्दही न बदलता. फलकाचं मी पुन्हा विचारलं, तर आमचं नाव कुठेच नको, असं उत्तर आलं.

पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवून झावळ्या बांधल्या. गावच्या मानकऱ्याने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्यानंतर आत कुणी पाऊल टाकील, अशी शंकाही कुणाला नव्हती. तरी बायकांनी एक नियम केलाच. जिच्या पाळीत पट्टा उकरला जाईल, तिने तो हंगाम खाडीत उतरायचं नाही.

वर्षभराने संस्थेच्या बाई काम बघायला आल्या. जेवण माझ्याकडे. वाऱ्यामुळे दोन दिवस होड्या बाहेर पडल्या नव्हत्या, बाजारात मासळी नव्हती, आणि उघड्या चिखलात पाहुणीपुरतेही मुळे मिळत नव्हते. पाहुणीच्या पानात मासळी नाही म्हणजे आपली लाज गेली, एवढंच तेव्हा डोक्यात. सकाळच्या सुकतीला राखणीवर त्याच काकी होत्या.

"काकी, तुम्ही शाळेत सतरंज्या घाला जा. मी बघतो इथे."

"बघा हां नीट," म्हणून त्या गेल्या.

अर्ध्या तासात पिशवी भरली. बंद ठेवल्याचा गुण माझ्याच हाताला कळत होता. बोटं घालीन तिथे टपोरे मुळे.

बाई आवडीने जेवल्या. नंतर शाळेत सतरंजीवर बायकांत मांडी घालून बसल्या, पुष्कळ विचारलं, सांगितलं काहीच नाही. शेवटी एकीने म्हटलं, "आमचा काय चुकतंय ता तरी सांगा." बाई म्हणाल्या, खाडी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. हे बायकांना मराठीत मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उकरलेला चिखल सगळ्यांना दिसला. बैठक बसली. पाळी कुणाची?

"माजी," काकी म्हणाल्या.

'गुरुजींनी मला शाळेत पाठवलं होतं,' हे त्या आता सांगणार म्हणून मी खाली बघत राहिलो. त्यांनी सांगितलं नाही.

"जावई येवचा हुता ना गो तुज्याकडं?" एकीने टोमणा मारला. काकींनी पदर सारखा केला, बस्स. मग मानकऱ्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, ज्याने कुणी हे केलं असेल त्याला बुद्धी दे म्हणून. "व्हय म्हाराजा" म्हणताना माझाच आवाज मोठा होता.

संस्थेला अहवाल जायचा होता. हे त्यात लिहू नये, मदत थांबेल, असं मी सुचवलं. काकीच आडव्या आल्या. "खोटा कशाला लिवायचा? पट्टा आमचा, चूक पण आमची."

मग मीच लिहिलं, 'एका अज्ञात व्यक्तीने पट्टा उकरला.' उत्तर आलं की खरं कळवलंत, आभारी आहोत, पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवा. पैसे थांबले नाहीत. ज्यांना आमची भाषा येत नाही, त्यांनी आमच्या बायकांच्या शब्दावर एवढा भरवसा ठेवला, आणि तो शब्द तिकडे पोचवणारा मी. ते पत्र वाचून दाखवताना मला चष्मा पुसावा लागला. गुरुजी हळवे आहेत, असं बायकांना वाटलं.

काकींनी तो हंगाम काठावर काढला. बाकीच्या चिखलात मुळे काढायच्या तेव्हा त्या एकट्या कांदळाची रोपं लावत बसायच्या. ती झाडं आज माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. मुदत संपल्यावर पट्टा उघडला, भरभरून मुळे निघाले, आणि बायकांनी कुणी न सांगता लगेच दुसरा पट्टा बंद केला.

त्या दिवशी काकी डबा घेऊन माझ्या दारात आल्या.

"घ्या गुरुजी. उघड्या पट्ट्यातले हायत हां हे."

एवढंच म्हणून, हसून त्या पायऱ्या उतरल्या. मी डबा धुतला, रिकामा देऊ नये म्हणून त्यात गुळाचा खडा घातला आणि बायकोच्या हाती परत पाठवला. स्वतः गेलो नाही.

पट्टा काकींच्या पाळीत उकरला गेला, असं गावात अजून म्हणतात. त्याच बैठकीत, त्याच बायकांसमोर, काकी ऐकत असताना म्हणायचे 'तो मी होतो' हे तीन शब्द मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेले नाहीत.