यंत्रातला बिघाड

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात कानिफनाथ वाकचौरे प्रयोगशाळा परिचर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्याआधी पंधरा वर्षं ते दूधभुकटीच्या प्लांटवर होते.

आमच्या आठल्ये सरांना प्लाझ्माच्या यंत्रातून काचेवर टायटॅनियम ऑक्साईडचा सच्छिद्र थर हवा होता. दोन वर्षं प्रत्येक थर आरशासारखा घट्टच बसत होता. शेवटी मामाच म्हणाले, "सर, गॅस जरा जादा सोडून बघू. दुधावानी कण वरच्यावर सुकले, की भुकटीवानी मोकळे बसतील." त्यांनी स्वतः झडप फिरवली. थर पांढुरका आला आणि शाईचा थेंब टाकताच पिऊन गेला. सरांनी मामांना मिठी मारली. मी तिथेच होते. झडप किती फिरवायची, हे मात्र सरांनी कधी विचारलंही नाही.

गेल्या आठवड्यात सरांना पुरस्कार मिळाला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, मामींना घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. सर माइकवर हसत म्हणाले, "खरं सांगू? निव्वळ योगायोग! यंत्रात बिघाड झाला, गॅस जास्त गेला, आणि आमचं नशीब उघडलं." इतकं गोड खोटं मी आजवर ऐकलं नव्हतं. मामींनी मामांकडे पाहिलं. मामा टाळ्या वाजवत राहिले.

सोमवारी थर पुन्हा आरशासारखा आला. मंगळवारीही तसाच. सर ओरडले, "काय केलंत यंत्राला?"

मामा फडक्याला हात पुसत होते. म्हणाले, "तुमीच म्हनले ना सर, बिघाड हुता. काढला."