अक्कांनी घुबडाला भरवलं

मित्रहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत मी हातावर बसवून आणलेलं ते पंख मोडलेलं घुबड आज पहाटे गेलं. सुरुवातीला डोळे झाकणारी मुलं तास संपताना त्याला हात लावायला भांडायची, हे तुम्हाला आठवत असेल.

इथे शिंदखेड्यात शाळेशेजारच्या अक्का मात्र त्याच्या भीतीने वळसा घालून जायच्या. मी त्यांना म्हटलं होतं, अक्का, हे लक्ष्मीचं वाहन, शेतातले उंदीर खातं.

काल शुक्रवार. अक्का केळीच्या पानावर मेलेला उंदीर घेऊन आल्या. पानाला हळदकुंकू लावलेलं.

"मास्तर, लक्ष्मीनं वाहन शे ना? मंग त्याले उपाशी कसं ठेवतस?"

मला हसू आलं. उंदीर कुठे सापडला, हे मी विचारलं नाही. अक्कांनी शेपटीला धरून तो पुढे केला आणि घुबडाने सबंध गिळला.

आज दुपारी त्यांचा मुलगा भेटला. त्याने कणगीखाली उंदरांचं विष ठेवलं होतं. आईला सांगायचं राहिलं.

संध्याकाळी अक्का आल्या. घुबड गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी हात जोडले.

"मन्हा हातनं खाईसन गयं. भाग्य शे मन्हं."

मुलाला मी विष काढायला लावलं आहे. अक्कांना मात्र काही बोलू शकलो नाही. देवासमोर बसलो तरी त्यांचे जोडलेले हातच दिसतात.

तुम्ही त्यांना सांगितलं असतं का?