बोटं उमटवलेली कणीक

मागच्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी, थोरल्या जाऊबाईंनी माझ्या तीन वर्षांच्या मुलीचे खेळायचे गोळे उकिरड्यावर फेकले. मी ते कणीक, भरपूर मीठ, तेल आणि हळद घालून मळले होते. मुलगी दुपारपर्यंत रडत होती.

"श्राद्धाच्या पिंडावानी गुळगुळीत गोळे घरात काऊन ठेवले? कणकेवर बोटं दाबा लागते, इतकंही समजत नाई तुले?" जाऊबाई सासूबाईंसमोर म्हणाल्या.

शनिवारी देवळीहून जाऊबाईंच्या माहेरची माणसं जेवायला आली. त्या सकाळी मी पुन्हा गोळा मळला. मीठ तेवढंच घातलं, हळद घातली नाही. त्यावर चार बोटं खोल दाबली आणि फ्रिजमध्ये कणकेच्या रोजच्या डब्यात ठेवला.

जाऊबाईंनी बोटांच्या खुणा पाहिल्या आणि त्याच्याच पोळ्या लाटल्या. पहिला घास त्यांच्या भावाने घेतला.

"ताई, पोळीत मीठ टाकलं का मिठात पोळी?" त्याने विचारलं.

"त्याच्यावर बोटं होती," जाऊबाई म्हणाल्या.

मुलीचे नवे गोळे त्याच फ्रिजमध्ये, वरच्या फळीवर असतात. त्यांना अजून कोणी हात लावलेला नाही.