बाहेरून ठोकलेला कापूस

मी सांगतेय, नात टाइप करतेय. एक आधीच सांगून ठेवते — भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पटलं तर वाचा.

साठ सालाच्या आधीची गोष्ट, रेवदंड्याची. शिंगाळा माशाचा विषारी काटा लागून माझ्या नवऱ्याचा उजवा हात सुजलेला. आमची लहानशी होडी महिनाभर वैशाखाच्या उन्हात वाळूवर पडून. घरातले तांदूळ संपले, तेव्हा मी म्हटलं, वल्हं मी मारते, तुम्ही सुकाणू धरा. माझे चुलतसासरे, तातूकाका, आडवे आले.

"बाईनं होडीत पाय ठेवला का होडी बुडते. आमच्यात ह्ये चालत न्हाय."

मला असा राग आला... उन्हात सुकलेली होडी आधी दोन दिवस पाण्यात भिजवायची असते, म्हणजे फळ्या फुगून सांधे मिटतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण काका गाव गोळा करतील म्हणून आम्ही दुसऱ्याच सकाळी ती तशीच लोटली. चूक माझीच.

कोर्लईच्या किल्ल्यासमोर पोचतोय तोवर पाणी घोट्याला लागलं. वल्हं टाकून मी घासलेटच्या डब्यानं उपसायला लागले. एक डबा बाहेर टाकावा तर दोन आत. नवऱ्यानं डाव्या हातानं तळ चाचपला. पाणी अडवायला फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून भरतात, तो एका सांध्यातला निघूनच गेला होता. त्यानं मुंडासं कोंबलं, पाण्यानं ते परत आत ढकललं.

"आतून न्हाय थांबायचं," तो म्हणाला. "बाहेरून ठोकाया लागतंय. तू पोहत जा. माझा हात न्हाय चालायचा."

"गप बसा. आपण बुडलो तर काका खरे ठरतील."

बोलले खरी, पण मी फार भ्याले होते. पाणी पोटरीला आलं... आणि खालून आवाज आला. ठक... ठक... ठक. फळीवर मोगरी मारावी तसा. दोघांनीही ऐकला. पाणी यायचं थांबलं. होतं ते मी उपसलं नि होडी वल्हवत परत आणली.

ओहोटीला होडी वाळूवर कलती झाली नि तळ दिसला. त्या सांध्यात बाहेरच्या बाजूनं वीतभर नवा कापूस, तेलात भिजवून नीट ठोकलेला. तातूकाकांनी जन्मभर होड्यांचे सांधे भरलेले. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"काम पक्कं हाय," एवढंच बोलले.

होडी दोन दिवस भिजवली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मीच वल्हं धरलं. आडवं कोणी आलं नाही.

शिकलेला पुतण्या म्हणतो, फळ्या फुगल्या असतील. फुगतात की. पण फळ्या कापूस ठोकत नाहीत. गाव म्हणतं, तुझे वारलेले सासरे आले. मला काही दिसलं नाही, मी कशाला नाव घेऊ? उत्तर अजून मिळालेलं नाही. पण खाली जो कोणी होता, त्याला होडीत बाई चालली. गावाला का चालत नव्हती, तेवढं कोणीतरी मला समजावून सांगा.